एका बाळामागे एकच पास

३ सप्टेंबर २०२४

चि. दीपाली,

आशीर्वाद. मुखरूभाऊ तुमच्या ॲम्ब्युलन्सचा टायर बदलून घ्यायला गेले आहेत, तेवढ्या वेळात हे लिहून त्यांच्याच हाती देते. तुमच्या येरमटोल्याला फोन लागत नाही. आणि लागत असता तरी हे मी मोबाईलवर लिहिलं नसतं. मागे ग्रुपवर चार शब्द मनातले लिहिले, तर संध्याकाळपर्यंत ते साहेबांच्या हातात पोचले होते. कागद बरा, तो आपोआप पुढे जात नाही.

सरळच लिहिते, मोठी बहीण म्हणून. बाळं पाठवणं कमी कर. आमचा नवजात बाळांचा कक्ष आता कक्ष राहिला नाही, आठवडी बाजार झाला आहे. सिरोंच्यापासून कोरपन्यापर्यंत कुठेही बाळ जरा लहान जन्मलं की घाला गाडीत आणि पाठवा इकडे. ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर एकच बाळ ठेवायचं असतं, हे तुला मी सांगायला नको. आमच्याकडे दोन-दोन आहेत, परवा एकावर तीन होती. एकाची सलाईन बघायला वाकलं की दुसऱ्याच्या नळीला धक्का लागतो. रात्रपाळीला दोन सिस्टर. एकीला चहा प्यायला जायचं तर दुसरीची परवानगी लागते.

गेल्या महिन्यात तुझ्याकडून धुरपता नावाची म्हातारी नातवाला घेऊन आली होती. बाळ हाताला गार लागत होतं. सोबत आई नाही, दूध नाही. म्हातारीला मराठी समजते पण विचारलं की गप्प. चार दिवस आम्ही जे करायचं ते केलं, पाचव्या दिवशी बाळ गेलं. त्याची आई रंभा शेवटपर्यंत फिरकली नाही. मला माहीत आहे, तुमच्याकडे बाळंतिणीला त्या कुर्म्याच्या झोपडीत बसवतात आणि विटाळ म्हणून कुठे हलू देत नाहीत. अग, बाळ मरणाच्या दारात आणि आई झोपडीत? तू तिथे सात वर्षं आहेस. एवढं तरी समजावायला हवं होतंस.

एक काम मात्र मी केलं. ऑगस्टपासून एका बाळामागे एकच पास. आधी एकेका बाळामागे पाच-सहा माणसं आत यायची, चप्पल घालून, बिडीचा वास घेऊन. आता फाटकावर गार्ड पास बघतो. गर्दी निम्मी झाली. अधीक्षक बैठकीत माझं नाव घेऊन बोलले. एवढं एकच समाधान.

आरमोरीला मावशीचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझी
ज्योत्स्नाबाई


२१ सप्टेंबर २०२४

प्रिय बाई,

नमस्कार. आईचा गुडघा तसाच आहे, आणि तुझा स्वभावही.

बाळं पाठवू नको म्हणतेस. मला काय हौस आहे? इथे वरून हुकूम आहे की ठरावीक वजनाखालचं बाळ दिसलं की रेफर. केलं नाही आणि काही झालं तर चौकशी माझी. केलं आणि वाटेत काही झालं तर कागदावर लिहिलेलं असतं ‘वेळेत रेफर केले’, म्हणून सगळे सुटतात. बाळ सोडून सगळे. डॉक्टर आमच्या आरोग्य केंद्राला आहेत, पण आठवड्यातले चार दिवस त्यांची नेमणूक दुसरीकडे. मग मी करू काय? गाडी बोलावते. गाडीत हीटर नाही. रस्त्याचं तर तू नावच काढू नको. बाळ गार पडेल नाही तर काय होईल.

कुर्म्याविषयी लिहिलंस म्हणून सांगते. पाळीच्या वेळी आणि बाळंतपणानंतर बाई गावाबाहेरच्या झोपडीत राहते. तिला कोणी शिवत नाही, ती कोणाचं काम करत नाही. छप्पर गळतं, साप निघतात, म्हणून मी सात वर्षं त्या झोपडीशी भांडते आहे. गावच्या जाणत्यांनी मला दोनदा हाकललं आहे. तेव्हा मला काही समजावायला हवं होतं असं तू इतक्या दुरून लिहू नको.

रंभाचं पुन्हा कधीतरी लिहीन. आज नको.

दीपाली


१४ जानेवारी २०२५

चि. दीपाली,

संक्रांतीचा तिळगूळ मुखरूभाऊंकडे दिला आहे. त्यांनी वाटेत खाल्ला नाही तर मिळेल.

इथे कक्षावरचा भार हलका करण्यासाठी बैठक झाली. कोणी म्हणालं वॉर्मर वाढवा. वाढवले, तीन नवे आले. त्यांना लावायला बोर्डावर जागा नाही, म्हणून ते खोक्यासकट स्टोअरमध्ये. कोणी म्हणालं सिस्टर वाढवा. त्यावर सगळे हसले. शेवटी ठरलं की लहान पण धडधाकट बाळांना आईने उघड्या छातीशी बांधून ठेवायचं. आईच्या अंगाची ऊब, दूध तोंडाशी, यंत्राची गरज नाही. हे आपल्याला नर्सिंगलाच शिकवलं होतं, नवीन काहीच नाही. त्याचं मोठं रंगीत चित्र कक्षात लावलं. त्यात आई आरामखुर्चीत बसली आहे. आमच्याकडे ती आई बसणार कुठे, हे विचारल्यावर बैठक संपली. वॉर्मर ठेवायला जागा नाही तिथे खुर्ची कुठून आणायची.

म्हणून माझ्या मनात आलं ते लिहिते. जे बाळ नुसतं लहान आहे, दूध ओढतं, श्वास नीट घेतं, ते तूच तुझ्या केंद्रात आईजवळ बांधून का ठेवत नाहीस? दर दहातली तीन-चार बाळं मला इथे नकोच असतात. त्यांनी जागा अडवली की खरोखर आजारी बाळ दाटीत पडतं. आणि तुमच्या बायका तशाही झोपडीत रिकाम्याच बसलेल्या असतात.

रंभा का आली नाही ते तू अजून लिहिलं नाहीस. ताकाला जाऊन भांडं लपवू नको.

ज्योत्स्नाबाई


२२ मे २०२५

बाई,

मध्ये दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. आता तेंदूच्या पानांसाठी गाव पहाटेच जंगलात जातं, केंद्रात कोणी येत नाही, म्हणून तिसरं पुरं करते. रागावशील तर रागाव.

रंभा आली होती.

बाळंतपणात तिला टाके पडले होते, रक्त फार गेलं होतं. गाडीसोबत आलेला माणूस म्हणाला, रेफर बाळाचं आहे, आईचं नाही, सोबत एकच जण चला. म्हणून सासू गेली. तिसऱ्या दिवशी रंभा उठून बसली आणि म्हणाली, माझं दूध वाया जाऊन राह्यलं, मले त्याच्याजवळ जाऊ द्या. ती कुर्म्यात होती. गावातल्या एकाही माणसाने तिला अडवलं नाही. जाणते म्हणाले, लेकरू आंधी, कुर्मा मंग. तिचा नवरा रोशन तिला एसटीने घेऊन आला. दोन गाड्या बदलून, टाक्यांवर बसून.

तुमच्या फाटकावर गार्डने विचारलं, पास? रोशन म्हणाला, ही आई आहे. गार्ड म्हणाला, या बाळाचा पास दिलेला आहे, एका बाळामागे एकच. पासवाली बाहेर आली की बदलून जा. धुरपता आत. तिला तुम्ही लोकांनी बजावलं होतं की बाळाजवळून हलायचं नाही. ती हलली नाही. तिच्याजवळ फोन नाही. रोशनने कोणाकोणाला विनवलं, पण त्याचं मराठी आपल्या कानाला वेगळं लागतं आणि तो मोठ्याने बोलला की दारू पिऊन आला असं वाटतं. रंभा संध्याकाळच्या गाडीपर्यंत फाटकाजवळच्या नळापाशी बसून होती. पोलकं दुधाने ओलं, पदर गुंडाळून. मग परत गेली. दोन दिवसांनी सासू आली ती रिकाम्या हाताने.

तू लिहिलंस की आई फिरकली नाही. ते वाचून मी तुला काय लिहिणार होते? तुझं नाव बैठकीत घेतलं गेलं होतं. मला ते मोडवेना. आता मोडते.

रंभाला पुन्हा दिवस गेले आहेत. केंद्रात येत नाही, मीच घरी जाऊन तपासते. ती मला म्हणाली, “बाई, या बारीले मी जंगलात बाळंत होईन पन तुमच्या काचेत लेकरू देणार नाई. तिथी मायले जाऊ देत नाईत.” इकडे तुमच्या कक्षाला काचच म्हणतात. पहिलं बाळ लवकर झालं होतं, हेही होऊ शकतं. तिला मी काय सांगू, ते तू कळव.

दीपाली


९ जून २०२५

दीपाली,

पास मी सुरू केला. आणि न करता काय केलं असतं, तेही सांग. एका आठवड्यात चार बाळांना जंतुसंसर्ग झाला होता. बाहेरची माणसं नळ्यांना हात लावत होती. गर्दी कमी करायला दुसरा उपाय मला कोणी दिला नाही. दिली ती फक्त शाबासकी.

पासवर ‘नातेवाईक’ असं छापलं आहे. आई हा शब्दच नाही. छापताना मी वाचलं होतं की नाही, मला आठवत नाही. गार्डला विचारलं, त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही. त्याच्याजवळ रोज अशा चार-सहा बसतात म्हणे. रोज मी त्याच फाटकातून येते, आणि मला त्या कोणाच्या तरी नातेवाईक वाटायच्या. तुझ्यावर राग आला, तू नऊ महिने गप्प बसलीस म्हणून. नंतर राग कोणावर काढावा तेच समजेना.

रंभाला काय सांगायचं ते मला सुचत नाही. खोटं सांगू नको एवढंच.

ज्योत्स्नाबाई


१ सप्टेंबर २०२५

प्रिय बाई,

इथे एक भानगड झाली आहे. तू हसशील किंवा झोडपशील.

जुलैत धानाची रोवणी ऐन भरात असताना दिव्यानी नावाची मुलगी केंद्रात बाळंत झाली. बाळ चिमणीएवढं, पण दूध ओढत होतं. हुकुमाप्रमाणे गाडी बोलावली, तर नाल्यावरून पाणी. गाडी पलीकडे, आम्ही अलीकडे. तुझं संक्रांतीचं पत्र आठवलं. केंद्राच्या मागच्या खोलीत दिव्यानीला निजवलं, बाळ तिच्या छातीशी लुगड्याने बांधलं.

दुसऱ्या दिवशी रंभाची सासू धुरपता आणि गावच्या दोन म्हाताऱ्या दारात. बाळंतीण कुर्म्यात पाहिजे, तिला न्यायला आलो. मी म्हटलं, त्या गळक्या झोपडीत हे बाळ रात्र काढणार नाही. त्या म्हणाल्या, देवाला चालणार नाही. तासभर वाद. मी वैतागून विचारलं, तुमच्या कुर्म्याला लागतं तरी काय? धुरपता म्हणाली, गावाच्या बाहेर पाहिजे, दार वेगळं पाहिजे, गडीमाणूस आत नाही पाहिजे. आता आमचं केंद्र गावाबाहेर सडकेला आहे. मागच्या खोलीचं दार मोहाच्या झाडाकडे उघडतं. मी म्हटलं, मग हाच कुर्मा. म्हातारी खोलीभर फिरली, छपराकडे बघितलं आणि म्हणाली, “गळत नाई. बरा हाये.” आठ वर्षं मी ज्याच्याशी भांडले, ते असं मिटलं.

आणि बाई, कुर्म्याचा एक गुण मला कधी दिसला नव्हता. रोवणीच्या दिवसांत कोणत्या बाळंतिणीला घरात उसंत मिळते? तिसऱ्या दिवशी चिखलात उभी. पण कुर्म्यातल्या बाईला कामाला बोलावता येत नाही. नवऱ्याला भाकर मागता येत नाही. दिव्यानी दिवसरात्र बाळाला बांधून पडून राहिली, सासूने ताट उंबऱ्यावर ठेवायचं. बाळाने अंग धरलं. त्यानंतर आणखी एक ठेवलं, तेही चांगलं आहे. अडचण एकच, आमचे डॉक्टर गडीमाणूस. ते येतात तेव्हा बाळाला दारापर्यंत आणावं लागतं आणि ते उंबऱ्याबाहेर वाकून तपासतात.

रंभा रोज येऊन खिडकीतून बघते. परवा विचारलं, “याले काचेत नाई नेलं?” मी नाही म्हटलं. मग म्हणाली की ती इथे बाळंत व्हायला येईल.

हे सगळं छान झालं म्हणून मला मेमो आला आहे. वजन कमी असूनही रेफर न केल्याबद्दल, आणि ‘शासकीय इमारतीत अंधश्रद्धेस उत्तेजन’ दिल्याबद्दल. आठ वर्षं मी झोपडीविरुद्ध अर्ज केले तेव्हा एक उत्तर आलं नाही. आता खुलासा मागतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दीपाली


१६ सप्टेंबर २०२५

चि. दीपाली,

हसलेही आणि झोडपणारही आहे. हसले उंबऱ्यावरच्या डॉक्टरांना. झोडपते अशासाठी की दोन बाळं तगली म्हणून तुला चढेल. सगळी तशी नसतात. बाळ दूध ओढायचं थांबलं, छाती आत ओढायला लागली, पाय गार पडले, तळवे पिवळे दिसले, तर एक मिनिट ठेवायचं नाही. कुर्मा असो की देव, मला पाठवायचं. मेमोला घाबरून पाठवू नको आणि मेमोच्या रागाने अडवू नको.

तुझ्याकडून या दोन महिन्यांत फक्त एक बाळ आलं, ते खरंच आजारी होतं, आणि त्याला मी स्वतंत्र वॉर्मर देऊ शकले. एवढं मी तुझ्या खुलाशासाठी लिहून द्यायला तयार आहे. माझ्या सहीला किती किंमत आहे, देव जाणे.

इथे मी पासवर हाताने ‘आई’ लिहायला सुरुवात केली. नियम तसाच, माणूस बदललं. पण आई दर तीन तासांनी येते, दूध देते, परत व्हरांड्यात जाते. बसायला जागा मागितली तर अधीक्षक म्हणतात प्रस्ताव पाठवा. पाठवला. त्यात त्रुटी निघाली. दुरुस्त केला, तेव्हा तो बाबूच बदलून गेला होता.

आणि नीट ऐक. रंभाचं बाळ पाठवायची वेळ आलीच तर आईशिवाय पाठवू नको. गाडीत हीटर नाही, आई आहे. तिच्या छातीशी बांधूनच पाठव. गाडीवाल्याने हुज्जत घातली तर माझं नाव सांग.

ज्योत्स्नाबाई


६ नोव्हेंबर २०२५, सकाळ

बाई,

घाईत आहे. रंभाला परवा मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. दोन दिवस बांधलेली होती, दूध ओढत होती. आज ओढत नाही आणि तळवे पिवळे आहेत. तू लिहिलेलं सगळं मी तिला वाचून दाखवलं. ती नको म्हणत होती. मी तिला सांगितलं की माझी बहीण फाटकावर असेल. तुला न विचारता सांगितलं. खोटं सांगू नको असं तू लिहिलं होतंस, तेव्हा हे खरं करणं आता तुझ्याकडे आहे.

मुलगी रंभाच्या छातीला बांधली आहे. धुरपताही बसली, उतरायला तयार नाही. मुखरूभाऊ हुज्जत घालणार नाहीत.

दीपाली


२४ नोव्हेंबर २०२५

चि. दीपाली,

तुझी चिठ्ठी मुखरूभाऊंनी मला आत येऊन दिली, तेव्हा गाडी फाटकात उभी होती. म्हणजे मी आधीपासून फाटकावर नव्हते. तू तिला दिलेला शब्द मी धावत जाऊन पाळला. रंभा गाडीतून उतरत नव्हती. नळाकडे बघत होती. मी पदराखाली हात घालून मुलीचे पाय बघितले. उबदार होते, दीपाली. एवढ्या वाटेने आलेलं बाळ उबदार मी पहिल्यांदा बघितलं. मी म्हटलं, चल, माझ्यासोबत चल. पासची गोष्ट कोणी काढली नाही.

काविळीसाठी मुलीला निळ्या दिव्याखाली ठेवलं. दिवा बंद असला की रंभाकडे. वॉर्मर एकही मोकळा नव्हता. मी ड्युटी रूममधली खुर्ची आणून दोन वॉर्मरच्या मध्ये घातली आणि रंभाला बसवलं. आमच्या डॉक्टर मॅडम रागावल्या, मग मुलीचं तापमान बघून पुढच्या बाळाकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, आणखी खुर्च्या बसतील का? कशाबशा चार बसल्या. चार आया, चार बाळं छातीशी, चार जागा मोकळ्या. एवढे दिवस बैठका घेऊन जे झालं नाही ते आम्ही खुर्च्या सरकवून केलं. त्या रात्री एका वॉर्मरवर एकच बाळ होतं. मी दोनदा फिरून बघितलं.

तेवढ्यात तपासणी आली. वरचे साहेब येणार, कक्ष मोकळा दिसला पाहिजे. अधीक्षकांनी गार्डला पाठवलं, बायांना व्हरांड्यात काढ, खुर्च्या उचल. तिघी घाबरून उठल्या, तशा त्यांच्या खुर्च्या गेल्या. गार्ड चैतू रंभाजवळ आला. धुरपता दारात होती, ती मध्ये येऊन उभी राहिली. म्हणाली, “हात लावून पाह्य. कुर्म्यातली बाई होय थे. आजून आंग धुतलं नाई. तुले विटाळ लागन, तुया घरच्या देवाले लागन.” चैतू आपल्याच आरमोरीकडचा. हात मागे घेतला आणि मला म्हणतो, सिस्टर, तुम्हीच उठवा. मी म्हटलं, माझ्याही घरी देव आहेत. सोळा वर्षं माझे हात बाळंतिणींच्या रक्तात आहेत, पण त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही.

साहेब आले तेव्हा रंभा एकटीच खुर्चीत, लेक छातीशी. त्यांनी विचारलं, हे काय? मॅडमनी सांगितलं. साहेब खूश. उत्तम उपक्रम म्हणाले, फोटो काढला, खुर्च्या वाढवा म्हणाले आणि गेले. तुझ्या मेमोविषयी मी त्यांना तिथेच बोलले की हेच माझी बहीण गावात करते आणि तुम्ही त्याला अंधश्रद्धा म्हणता. त्यांनी शेजारच्या माणसाकडे बघितलं, त्याने डायरीत काहीतरी टिपलं. मेमो रद्द होईल असं समजू नको. खुलासा देऊन टाक, सोबत माझं पत्र जोड. उचललेल्या खुर्च्यांपैकी दोन परत आल्या, एक अधीक्षकांच्या केबिनमध्ये पाहुण्यांसाठी राहिली.

मुलगी आता चांगली आहे. दूध ओढते, वजन धरलं आहे. काल सुट्टी लिहिली. मुखरूभाऊ गाडी घेऊन उभे, धुरपताने गाठोडं बांधलं. मी रंभाला म्हटलं, ऊठ, घरी जा. ती उठेना. मला वाटलं घाबरली आहे, म्हणून समजावू लागले. तिने मान हलवली. तिचं मराठी तुटकं, पण काल एकेक शब्द नीट आला.

“मी उठलो तं खुर्ची उचलून नेतीन. भायेर एक माय बसली हाये, नळापाशी. कालपासून बसली हाये. तिले आत आना. थे आली का मी उठतो.”

मी खिडकीतून बघितलं. खरंच होती. सकाळी मी तिच्या शेजारून आत आले होते.

चैतूला सांगता आलं असतं. मीच खाली गेले. कोरपन्याकडची होती, तरुण, पहिलटकरीण. पास मी नसताना तिच्या सासऱ्याच्या नावावर दिला गेला होता आणि तो पास खिशात घेऊन जेवायला गेला होता. ती दूध पिळून नालीत सोडत होती. मला बघून तिने घाईने पदर ओढला आणि म्हणाली, जाते बाई, इथून उठतेच. मी तिचा हात धरून वर आणलं, पाय धुवायला लावले, कक्षात नेलं.

रंभा उठली.

ज्योत्स्नाबाई